जेनोवात पहिले तीन दिवस: कुठे चढायचं, केव्हा खायचं

इटलीचा बेत आखताना लोक रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस असं ठरवून टाकतात आणि जेनोवाला फक्त गाडी बदलतात. चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांकडे जायची गाडी मिळायला दोन तास असले तर बंदरावरचं मत्स्यालय बघतात आणि जातात. त्यांचं फार चुकतं असंही नाही. हे शहर पहिल्या तासात कुणालाच आवडत नाही. बंदराच्या कडेने एक कुरूप उड्डाणपूल धावतो, रहदारी कर्कश, आणि जुन्या वस्तीत शिरलं की बोळ इतके अरुंद की समोरून छत्री घेऊन कुणी आलं तर एकाला थांबावंच लागतं.

मी कामानिमित्त इथे राहायला आले तेव्हा पहिला आठवडा चिडचिडीतच गेला. मग लक्षात आलं की या गावाचं तंत्र दोन गोष्टींवर चालतं. वर कसं जायचं आणि कुठला पदार्थ किती वाजता भट्टीतून निघतो. या दोन गोष्टी समजल्या की बाकीचं आपसूक जमतं. नव्याने येणाऱ्यांसाठी हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

निघण्याआधी

आपण ज्याला जिनोआ म्हणतो ते इथल्या लोकांचं जेनोवा, आणि त्यांच्या जुन्या बोलीत झेना. भारतातून येताना बहुतेक जण मिलानला उतरतात. तिथून रेल्वेने दीड ते दोन तास लागतात. शहरात मोठी स्टेशनं दोन आहेत: पश्चिमेला प्रिंचिपे, पूर्वेला ब्रिन्योले. जुनं शहर या दोघांच्या मध्ये पसरलंय. तिकीट काढताना आपलं हॉटेल कुठल्या स्टेशनाजवळ आहे ते आधी बघा.

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे पाऊस असा कोसळतो की कोकणातल्या माणसालाही घरची आठवण यावी. डोंगर अगदी समुद्रापर्यंत आलेले, त्यामुळे ओढे बघता बघता फुगतात. प्रशासन पिवळा, केशरी, लाल असे इशारे देतं. लाल इशारा असेल त्या दिवशी बागा, संग्रहालयं बंद असतात. हट्ट न करता खोलीत बसा.

खोली आरक्षित करताना दोन प्रश्न विचाराच: कितवा मजला आणि लिफ्ट आहे का. जुन्या वस्तीतली घरं पाच-सहा मजल्यांची, जिने उभे, आणि पहिला मजलाच आपल्या दुसऱ्या मजल्याइतका उंच. चाकांच्या मोठ्या बॅगा इथल्या फरसबंदीवर रडवतात.

लाल आकडे, काळे आकडे

हे आधीच सांगून ठेवते, कारण मी स्वतः फसले आहे. जेनोवात एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका असतात. राहत्या घरांना काळे आकडे, दुकानं-खानावळींना लाल. लिहिताना लाल आकड्यापुढे 'आर' हे अक्षर लावतात. दोन्ही मालिकांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. काळा 27 रस्त्याच्या एका टोकाला आणि लाल 27 पार दुसरीकडे असू शकतो. मी एका खानावळीचा पत्ता हातात घेऊन कुणाच्या तरी घराची घंटा वाजवली होती. वरच्या खिडकीतून एका आजीबाईंनी डोकावून पाहिलं, माझ्या हातातला कागद बघितला आणि नुसतंच ओरडून सांगितलं, "रोस्सो! रोस्सो!" म्हणजे लाल, बाई, लाल!

प्रवासाची दुसरी खबरदारी: बसचं कागदी तिकीट चढल्यावर यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट असेल तर ते फलाटावरच्या यंत्रात, चढण्याआधी. तिकीट खिशात आहे पण छाप नाही, तर दंड होतो, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर तपासनिसाने रोज ऐकलेलं असतं.

पहिली सकाळ: पालथा फोकाच्चा

हॉटेलचा नाश्ता सोडा. जवळची बेकरी शोधा. दुकानाच्या पाटीवर 'पानिफिचो' किंवा 'फोर्नो' असं लिहिलेलं असेल. काचेमागे फोकाच्चाचे मोठाले चौकोनी ताट असतात: बोटभर जाडीचा, बोटांनी खळगे पाडलेला, त्या खळग्यांत ऑलिव्हचं तेल आणि मिठाचं पाणी साचून भाजलेला पाव. हा तुकड्याने नाही, वजनाने मिळतो. 'ऊन एत्तो' म्हणजे 100 ग्रॅम. एका माणसाच्या न्याहारीला पुरे. सुरीने किती कापू असं दुकानातली बाई हातवाऱ्याने विचारेल, तेव्हा लाजू नका, जास्त वाटलं तर थांबवा.

आता खायची पद्धत. इथले लोक तो पालथा करून तोंडात घालतात, म्हणजे मिठाची बाजू थेट जिभेवर येते. आणि त्याहून पुढची गोष्ट: तो कापुचिनोत बुडवतात. खारट, तेलकट पाव दुधाळ कॉफीत! इटलीतल्या इतर गावची माणसं हे ऐकून तोंड वाकडं करतात. पण खारी चहात बुडवून मोठे झालेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. कॉफी उभ्याने, काउंटरवर प्यायची. टेबलाशी बसलात तर बऱ्याच ठिकाणी दर वाढतो.

बोळ कसे वाचायचे

पोटात फोकाच्चा गेला की जुन्या शहरात शिरा. या बोळांना इथे 'कारुज्जी' म्हणतात. नकाशा इथे नीट चालत नाही, कारण उंच भिंतींमध्ये फोनला आपण कुठे आहोत ते कळत नाही. साधा नियम: उतार लागला की समुद्राकडे, चढ लागला की डोंगराकडे. हरवलात तर उतरत जा, बंदर लागतंच.

मान वर करून चाला. कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीत मेरीमातेच्या लहान देवळ्या आहेत. बऱ्याच भिंतींवरच्या खिडक्या खऱ्या नसतात. झडपा, कोनाडे, नक्षी, सगळं रंगवलेलं असतं. माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना हाच खेळ लावते: खोटी खिडकी ओळखा.

सान लोरेन्झो हे मुख्य चर्च काळ्या-पांढऱ्या दगडी पट्ट्यांचं आहे. आत उजव्या हाताला तोफेचा एक भलामोठा गोळा ठेवलाय. 9 फेब्रुवारी 1941 रोजी ब्रिटिश आरमाराने शहरावर मारा केला, त्यातला हा गोळा चर्चची भिंत फोडून आत आला आणि फुटलाच नाही. जवळच्या लेखात तसं कोरलंय. चर्चच्या तळघरातल्या खजिन्यात हिरव्या काचेचं एक षट्कोनी ताट आहे. शतकानुशतकं लोकांनी ते पाचूचं मानलं, येशूच्या शेवटच्या भोजनाशी त्याचा संबंध जोडला. नेपोलियनने ते पॅरिसला नेलं, परत आलं ते फुटून. तेव्हा कळलं की काच आहे.

तिथून विया गारिबाल्दी गाठा (विया म्हणजे रस्ता). सोळाव्या शतकात इथल्या सावकार घराण्यांनी ओळीने वाडे बांधले. हे साधे व्यापारी नव्हते. स्पेनच्या राजाला कर्ज देणारे होते. जेनोवा तेव्हा गणराज्य होतं, त्याच्याकडे पाहुण्यांसाठी स्वतःचा राजवाडा नव्हता, म्हणून 1576 साली सिनेटने वाड्यांच्या याद्या केल्या. परदेशी राजा किंवा राजदूत आला की यादीतून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याने पाहुणचार करायचा. या याद्या म्हणजे 'रोल्ली'. यातले 42 वाडे 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तीन वाड्यांत आता संग्रहालयं आहेत, सोमवारी बंद. पालाझ्झो तुर्सीत पागानिनी या नामांकित वादकाचं व्हायोलिन आहे, 1743 साली ग्वारनेरी या कारागिराने केलेलं. आवाज इतका दणदणीत की पागानिनी त्याला 'तोफ' म्हणायचा. एकच वाडा बघायला वेळ असेल तर मी पालाझ्झो रोस्सो सांगेन, कारण त्याच्या छपरावरच्या मचाणावर जाता येतं आणि पायाखाली पाटीच्या काळ्या दगडाची छपरंच छपरं दिसतात.

कोलंबसचं घर म्हणून पोर्ता सोप्राना या वेशीजवळ जे दाखवतात, ते अठराव्या शतकात पुन्हा उभारलेलं आहे. बाहेरून फोटो काढा, पुढे व्हा.

एक स्पष्ट सूचना: विया प्रे आणि माद्दालेनाच्या मागच्या काही बोळांत अंधार पडल्यावर उगाच फिरू नये. दिवसा तिथे काही होत नाही, पण रात्री सान लोरेन्झो, विया गारिबाल्दी असे रुंद, दिव्यांचे रस्ते धरा.

वर जायचं ते लिफ्टने

मुंबईत जशी लोकल, तशी इथे लिफ्ट ही सार्वजनिक वाहतूक आहे. शहराचा अर्धा भाग डोंगरावर चढलेला, त्यामुळे बसच्या मार्गांसारख्या लिफ्ट आणि दोरीवर ओढल्या जाणाऱ्या रेल्वे आहेत. पियाझ्झा पोर्तेल्लोजवळ एका बोगद्यातून आत गेलं की कास्तेल्लेत्तोची लिफ्ट लागते. बाहेर पडताच खाली सगळं शहर: काळी छपरं, चर्चचे घुमट, बंदरातल्या क्रेन आणि पश्चिमेला लान्तेर्ना. हे दीपगृह 77 मीटर उंच, आजची बांधणी 1543 सालची. इथे सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा.

लार्गो झेक्का इथून रीगीपर्यंत जाणारी दोरीची रेल्वे आणखी वर नेते. पण मला विचाराल तर विया बाल्बीजवळची मोन्तेगाल्लेत्तो लिफ्ट बघाच. तुम्ही डब्यात बसता, डबा आधी आगगाडीसारखा बोगद्यातून आडवा जातो, मग थांबतो, कसलासा खडखडाट होतो आणि तोच डबा सरळ उभा वर चढू लागतो. माझ्या भाच्याने तीन फेऱ्या मारल्या. दुरुस्तीसाठी कधी बंद असते, तेव्हा आधी चौकशी करा.

आणि उतरताना चालत उतरा. डोंगरावरून खाली येणाऱ्या, मध्ये विटांची पट्टी आणि दोन्ही बाजूंना गोटे बसवलेल्या वाटा आहेत. दोन्हीकडे बागांच्या भिंती, भिंतीवरून डोकावणारी लिंबं. आमच्या कोकणात जिला पाखाडी म्हणतात तीच. ओल्या दिवशी मात्र पाय जपा.

दुपारचं जेवण

खानावळी साडेबारा ते अडीच, नंतर थेट साडेसात. मधल्या वेळेत 'काही गरम' मागून उपयोग नाही. बिलात 'कोपेर्तो' नावाची रक्कम असते. ती बसण्याची आकारणी, फसवणूक नव्हे. वेगळी टिप द्यावी लागत नाही.

जेनोवाचा पेस्तो, म्हणजे पास्त्याला लावायची हिरवी चटणी, जगभर गेला, पण बाटलीतला आणि इथला यांत आमरस आणि आंब्याच्या सरबताइतका फरक आहे. त्यात जिन्नस सातच: तुळशीच्या कुळातली कोवळ्या पानांची बेझिल, चिलगोज्याच्या जातीचे पाइनचे दाणे, लसूण, जाडं मीठ, ऑलिव्हचं तेल आणि दोन चीज, एक पार्मेझान, दुसरं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो. शहराच्या पश्चिमेला प्रा नावाच्या भागात ही बेझिल होते. पानं अंगठ्याच्या नखाएवढी असतानाच खुडतात, मोठी झाली की पुदिन्यासारखी चव येते म्हणून.

एका ओळखीच्या घरी मी तो होताना बघितला. पांढऱ्या संगमरवराचा खल, त्याला बाहेरून चार कान, बत्ता लाकडाचा. बाईंनी आधी लसूण आणि मीठ वाटलं, मग पानं टाकली. मी आपली सवयीने म्हटलं, मी कुटते, आणि दणादण बत्ता आपटायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं. कुटायचं नाही, खलाच्या भिंतीला घासत बत्ता फिरवायचा आणि त्याच वेळी डाव्या हाताने कान धरून खल उलट्या दिशेला. कुटलं की पान काळं पडतं. शेवटी तेल. चूल कुठेच नाही. पेस्तो कधीही गरम करत नाहीत, उकळत्या पास्त्याची ऊब तेवढी पुरते. दर दोन वर्षांनी पालाझ्झो दुकालेत पेस्तो वाटायची जागतिक स्पर्धा भरते, ती याच खलबत्त्यावर.

मागवताना 'त्रोफिए' किंवा 'त्रेनेत्ते' मागा. पहिला पीळ दिलेला आखूड पास्ता, दुसरा चपट्या दोऱ्यांचा. बटाट्याच्या फोडी आणि फरसबी त्यातच उकडलेली असते. दुसरी थाळी: पान्सोती, म्हणजे ढेरपोट्या. रानभाज्या भरलेल्या पुड्या, वरून अक्रोडाचा पांढरा रस्सा.

शाकाहारी मंडळींनो, इटलीत तुमचं पोट सगळ्यात नीट भरेल ते या गावात. तरी तीन गोष्टी माहीत असू द्या. एक, पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. हे चालत नसेल तर पेस्तो 'सेन्त्सा फोर्माज्जो', म्हणजे चीजशिवाय, मागा, पण आधीच वाटून ठेवलेला असला तर नाही मिळणार. दोन, अंडं अनेक पुड्यांत आणि भाजी भरून भाजलेल्या पेस्ट्रीत असतं. तीन, आच्चूगे नावाची छोटी मासळी कुठेही डोकावते. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे' एवढं पाठ करा: मांस नको, मासे नकोत. मासे खाणाऱ्यांनी मात्र बंदरासमोर सोत्तोरिपाच्या कमानींखालच्या तळणीच्या दुकानांतून याच आच्चूगे कागदाच्या पुडीत घ्याव्यात, काट्यासकट खाव्यात.

संध्याकाळ: बेसनाची गोष्ट

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते. जेनोवाचा खरा रस्त्यावरचा पदार्थ हरभऱ्याच्या पिठाचा आहे. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ. संपलं. नाव फारिनाता.

ही विकणाऱ्या जुन्या दुकानांना बोलीत 'शामाद्दा' म्हणतात, म्हणजे ज्वाळा, कारण दारातूनच लाकडाची भट्टी दिसते. पीठ काही तास भिजवून ठेवलेलं असतं, वर आलेला फेस काढून टाकलेला. कल्हई केलेलं तांब्याचं थाळं, बैलगाडीच्या चाकाची आठवण यावी एवढं. त्यात आधी तेल, मग ते पातळ मिश्रण. माणूस लांब दांड्याने थाळं भट्टीत सरकवतो, मध्येच अर्धा फेरा देतो, कारण जाळाकडची बाजू आधी लाल होते. दहा मिनिटांनी बाहेर काढतो तेव्हा वरचा पापुद्रा फोड येऊन फुगलेला असतो आणि कडेचं तेल अजून चुरचुरत असतं. चौकोनी उलथन्याने खर्र आवाज करत वेडेवाकडे तुकडे खरवडून कागदावर टाकतो. वरून काळी मिरी. पहिला घास जीभ भाजणारा. वर कुरकुरीत, आत खरवसासारखं मऊ. धिरडं म्हणावं तर धिरडं नाही, पण तुमच्या आजीला दिलंत तर ती 'पीठ कुठलं' असं विचारणार नाही.

दंतकथा अशी की 1284 साली मेलोरियाच्या लढाईत पीसाला हरवून परतणाऱ्या जेनोवाच्या जहाजात वादळाने हरभरे, तेल आणि समुद्राचं पाणी एकत्र झालं, तो चिखल उन्हात वाळला आणि भुकेल्या खलाशांना आवडला. लढाई खरी, चिखलाचं मला काही सांगता येत नाही.

वेळ महत्त्वाची. थाळं बाहेर आल्यावर पाच मिनिटांत खाल्ली तर फारिनाता, अर्ध्या तासाने खाल्ली तर नुसतं गार पीठ. म्हणून काचेत ठेवलेला तुकडा घेऊ नका, 'नुओवा?' असं विचारा आणि नवीन थाळं येईपर्यंत रांगेत उभे राहा. याच पिठाची दुसरी वस्तू पानिस्सा: पीठ शिजवून, थापून, गार करून कापायचं आणि तळायचं. पाटवडीच, फक्त फोडणी आणि खोबरं-कोथिंबीर वजा.

तिसरा दिवस

ऊन असेल तर समुद्र. कोर्सो इतालियावरून चालत पूर्वेला गेलं की बोक्कादास्से हे जुनं कोळीवाड्यासारखं गाव लागतं: गोट्यांचा छोटासा किनारा, ओढून ठेवलेल्या होड्या, गुलाबी-पिवळी घरं. किंवा गाडीने रेक्कोला जा. तिथला चीजचा फोकाच्चा अगदी वेगळा आहे: यीस्ट नाही, कागदासारख्या दोन पाऱ्या आणि मध्ये ताजं, वितळलेलं चीज. पुढच्या स्टेशनावर कामोल्यी. तिथून होडीने सान फ्रुत्तुओसोचा मठ, जिथे रस्ता जातच नाही.

ढगाळ असेल तर स्तालियेनोची दफनभूमी. 1851 साली सुरू झालेली, डोंगरभर पसरलेली. पाहुण्यांना स्मशानात नेते म्हणून मला हसतात, पण गेलेले गप्प होऊन परततात. कातेरिना कांपोदोनिको नावाची एक जत्रेत सुक्या मेव्याच्या माळा विकणारी बाई; तिने आयुष्यभराची कमाई घालून स्वतःचा पुतळा करून घेतला, हातात त्या माळा आणि कड्यासारखा पाव, अंगावर झालरीची शाल. 1881 सालचा तो पुतळा सावकारांच्या देवदूतांच्या रांगेत ताठ उभा आहे.

वर झाडीत मात्सिनीची समाधी आहे, जाड दगडी खांबांची. इटलीच्या एकीकरणासाठी झटलेला हा क्रांतिकारक, आपण त्याला मॅझिनी म्हणून ओळखतो. लंडनमध्ये असताना सावरकरांनी त्याच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर केलं, 1907 साली ते पुण्यात छापलं गेलं आणि सरकारने लवकरच जप्त केलं. मात्सिनीचा जन्म इथलाच, 1805 सालचा. विया लोमेल्लिनीतल्या घरात आता संग्रहालय आहे.

घरी काय न्यायचं

पेस्तोची बरणी विमानात हातातल्या सामानात अडू शकते, मोठ्या बॅगेत टाका. विया सोझिल्याजवळच्या जुन्या मिठाईच्या दुकानांत गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा मिळतो; गुलकंदाचा धाकटा भाऊ, थोडा आंबट. हरभऱ्याचं पीठ मात्र नेऊ नका. आपलं बेसन डाळीचं, यांचं पीठ आख्ख्या काबुली जातीच्या हरभऱ्याचं, तरी घरच्या घरी भागतं. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, चार तास झाकून ठेवा, फेस काढा, मीठ घाला. ओव्हन जेवढा तापेल तेवढा तापवा, पसरट ताटात भरपूर तेल, त्यावर मिश्रण अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. वरून मिरी. पहिल्या वेळी हळद-ओवा घालायचा मोह होईल. तो दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.